चेंडू गमावल्यानंतरचा बचाव : चौदा वर्षांखालील मुलांच्या सरावाच्या नोंदी

कोल्हापुरात आमच्या पेठेच्या मैदानावर मी तेरा-चौदा वर्षांच्या अठरा मुलांना फुटबॉल शिकवतो. आठवड्यातून चार संध्याकाळी सराव असतो आणि दिवाळीनंतर सहाच्या सुमारास अंधारून येत असल्याने शाळा सुटल्यावर हाती जेमतेम सव्वा तास उरतो. चेंडू आपल्या पायातून गेला की पुढच्या काही सेकंदांत मुलांनी काय करायचे, एवढ्या एकाच गोष्टीसाठी या हंगामात मी त्यातली पंचवीस मिनिटे रोज बाजूला काढली. अशी कोणाची टिपणे मला मराठीत आधी वाचायला मिळाली असती तर माझे पहिले दोन आठवडे वाचले असते, म्हणून माझी वही जवळपास आहे तशी येथे उतरवली आहे. मुलांची नावे लिहिलेली नाहीत, जर्सीचे क्रमांक लिहिले आहेत.

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

शेजारच्या पेठेतील मुलांशी मैत्रीपूर्ण सामना झाला आणि आम्ही १-४ असे हरलो. कडेच्या पाण्याच्या टाकीवर मोबाइल ठेवून सामन्याचे चित्रण केले होते, ते रात्री तीन वेळा पाहिले. चारपैकी तीन गोल एकाच पद्धतीने झाले होते : चेंडू आमच्याकडे होता, तो गेला आणि आठ-दहा सेकंदांत आमच्या जाळ्यात पोहोचला. आमची बचावफळी कच्ची आहे असे मी वर्षभर सर्वांना सांगत आलो होतो. चित्रण पाहताना लक्षात आले की चेंडू बचावफळीपर्यंत पोहोचतो तेव्हा जे बिघडायचे ते पुढे आधीच बिघडलेले असते.

दुसरा गोल थांबवून थांबवून पाहिला. ८ क्रमांकाचा मुलगा उजव्या कडेने दोघांना चकवतो आणि तिसऱ्याजवळ चेंडू गमावतो. लगेच त्याचे दोन्ही हात डोक्यावर जातात आणि तो चेंडूकडे न पाहता माझ्याकडे पाहतो. त्याच्यापासून चार पावलांवर उभा असलेला १० क्रमांकाचा मुलगा त्याच्याकडे पाहून हात पसरतो, तर ७ क्रमांकाचा खाली वाकून मोजा वर ओढतो. ज्याने चेंडू जिंकला तो मुलगा त्या क्षणी स्वतःच तोल सावरत होता. त्याची मान खाली होती आणि चेंडू त्याच्या पायापासून जरा लांब गेला होता. आमच्यापैकी एकानेही दोन पावले टाकली असती तर चेंडू पुन्हा मिळाला असता. त्याला तीन सेकंद मिळाले, त्याने मान वर केली आणि पुढे लांब पास दिला. या सगळ्या वेळात चित्रणात एकच आवाज ऐकू येतो आणि तो माझा आहे : "मागे या, सगळे मागे या!"

५ नोव्हेंबर, बुधवार

मुले परत धावत नाहीत, असा निष्कर्ष काढून पहिला आराखडा केला. शिट्टी वाजली की सर्वांनी चाळीस मीटर मागे पळत येऊन आपापल्या जागी उभे राहायचे, असे दहा वेळा. खुणेसाठी ठेवतात त्या प्लास्टिकच्या शंकूंऐवजी, म्हणजे कोनांऐवजी, विटांचे तुकडे वापरले. मुलांनी न कुरकुरता केले आणि मला समाधान वाटले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आजपर्यंतच्या सहा सरावांतील अडीच तास वाया गेले, असे स्पष्ट लिहून ठेवतो. आपसांत नऊ-नऊचा सामना खेळवला, तेव्हा चेंडू जाताच सगळे खरोखरच मागे पळाले. पण ते चेंडूकडे पाठ करून पळाले. चेंडू जिंकलेल्या मुलाला कोणीच अडवले नाही, तो निवांत तीस मीटर चालत आला आणि पळून दमलेल्या आमच्या मुलांसमोर त्याने हवा तो पास निवडला. शिवाय ११ क्रमांकाच्या मुलाची मांडी मागच्या बाजूने आखडली आणि तो दहा दिवस बाहेर बसणार आहे. अंग पुरेसे गरम न करता मी त्यांना वेगाने पळवले होते, ही चूक माझी आहे.

चित्रण पुन्हा पाहिले, तेव्हा पहिल्या रात्री दिसूनही न समजलेली गोष्ट समजली. मुलांचे पाय मंद नव्हते, त्यांचे पहिले पाऊल उशिरा पडत होते. मोबाइलवर वेळ मोजली तर चेंडू गेल्यापासून जवळच्या मुलाने पहिले पाऊल टाकेपर्यंत दोन ते तीन सेकंद जात होते, आणि समोरच्या मुलाला मान वर करून पाहायलाही साधारण तेवढाच वेळ लागत होता. म्हणजे ज्या काळात तो आंधळा असतो, त्याच काळात आम्ही उभे असतो. पळण्याचा सराव बंद केला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

साहित्य आणले : चाळीस कोन ६०० रुपये, चौदा बिब (संघ ओळखू यावा म्हणून जर्सीवर घालायची रंगीत बंडी) १,२६० रुपये, मोबाइलचा तिपाई स्टँड ४५० रुपये आणि रेषा मारायला फक्कीच्या दोन पिशव्या ४०० रुपये, असे एकूण २,७१० रुपये झाले. त्यातले १,५०० मंडळाने दिले, उरलेले मी घातले. आता पुन्हा करायचे झाले तर बिब आठच घेईन, कारण दोन्ही बाजूंना बिब देण्याची गरज कधीच पडली नाही.

नवा सराव असा. फक्कीने आठ मीटरचा चौकोन आखला. आत चार मुले चेंडू आपसांत फिरवतात आणि दोघे तो हिसकावण्याचा प्रयत्न करतात. हा खेळ मुलांना येतोच; बदल एवढाच की दोघांना चेंडू मिळाला की खेळ थांबत नाही. त्यांनी तो घेऊन चौकोनाबाहेर पडायचे आणि चौघांनी तो आतच परत मिळवायचा. पहिल्या दिवशी हे पूर्ण फसले, कारण आठ मीटरचा चौकोन फार लहान होता आणि चेंडू हिसकावताच पुढच्याच पावलाला तो रेषेबाहेर जात होता. चौघांना प्रयत्न करायलाच सवड मिळत नव्हती. बारा मीटरचा चौकोन केला आणि बाहेर पडण्यासाठी चारही बाजूंना दोन-दोन कोनांची दारे ठेवली, तेव्हा खेळ चालू राहिला. कोणी हे करणार असेल तर बारा मीटरपासूनच सुरुवात करावी.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आता उलट दोष दिसू लागला. चेंडू गेला की चौघेही त्या एका मुलावर तुटून पडतात आणि एका साध्या बाजूच्या पासने चौघेही एकदम बाद होतात. "प्रेस करा" असे मी म्हणत होतो, आणि मुलांनी त्याचा अर्थ अंगावर जाणे असा घेतला होता. तो शब्द मी सोडून दिला आणि कामाची वाटणी केली. पहिल्याने चेंडूकडे जायचे, पण सरळ न जाता किंचित वळसा घेऊन जायचे, म्हणजे समोरच्याला पुढे पास देण्याची वाट बंद होते आणि त्याला कडेला किंवा मागे वळावे लागते. दुसऱ्याने सर्वांत जवळच्या पासच्या वाटेत उभे राहायचे. बाकीच्यांनी पसरलेले असतील तेथून आत सरकून एकमेकांतील अंतर कमी करायचे.

यासाठी हाका ठरवल्या. पहिल्याला "गाठ!", दुसऱ्याने स्वतः ओरडायचे "वाट!" आणि बाकीच्यांना "आत!" हे शब्द मुलांनीच निवडले. माझे लांबलचक वाक्य पूर्ण होईपर्यंत चेंडू निम्मे मैदान ओलांडून जात असे. हे शब्द एका श्वासात होतात.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिला कोण, यावरून आठवडाभर गोंधळ झाला. कधी दोघे जातात, कधी "तो जाईल" म्हणून कोणीच जात नाही. ज्याच्याकडून चेंडू गेला त्यानेच जायचे, असा नियम मी केला. दोन दिवसांत तो चुकीचा ठरला, कारण ज्याच्याकडून चेंडू जातो तो बहुधा तोल गेलेला किंवा उलट्या दिशेला तोंड करून असतो. आज ६ आणि १० क्रमांकाची मुले एकाच वेळी गेली, डोक्यावर डोके आपटले आणि ६ क्रमांकाचा ओठ फुटला. कोपऱ्यावरच्या रसाच्या गाड्यावरून बर्फ आणून लावला आणि सराव तेथेच थांबवला. त्याच्या आईला संध्याकाळी घरी जाऊन मी स्वतः सांगितले.

नवा नियम असा : चेंडूकडे तोंड असलेल्यांपैकी जो सर्वांत जवळ असेल तो "मी!" असे ओरडून निघतो. जो आधी ओरडतो तो पहिला आणि त्यावर वाद घालायचा नाही. चुकीचा मुलगा गेला तरी कोणीही न जाण्यापेक्षा ते बरे असते, हे मुलांना पटले.

३ डिसेंबर, बुधवार

पहिले पाऊल लवकर पडू लागले, पण फाऊल वाढले. मुले वेगात जातात आणि तो वेग कमी न करता पाय घालतात. त्यामुळे एकतर पंचांची शिट्टी वाजते, नाहीतर समोरचा चेंडू अलगद बाजूला घेऊन निघून जातो. आपल्या निम्म्या मैदानात अशी फ्री किक देणे म्हणजे मिळालेले सगळे घालवणे.

उपाय सोपा निघाला. शेवटची तीन पावले छोटी टाकायची, अंग तिरके ठेवायचे, गुडघे किंचित वाकवायचे आणि साधारण एक हात अंतरावर थांबायचे. चेंडू समोरच्याच्या पायापासून सुटेपर्यंत पाय घालायचा नाही. मुले हाताने ढकलतात आणि जर्सी ओढतात, म्हणून प्रत्येकाच्या दोन्ही मुठींत जुने मोजे दिले आणि ते खाली पडले तर चेंडू समोरच्यांना, असे ठरवले. दुसऱ्या दिवशी मोजे न देताही हात अंगाशी राहू लागले. या एका गोष्टीवर तीन सराव गेले आणि ते योग्य ठिकाणी गेले, असे मला वाटते.

७ डिसेंबर, रविवार

सामना हरलो, ०-२. पुढची मुले चेंडू गेल्यावर लगेच गाठत होती आणि सहा-सात वेळा चेंडू समोरच्यांच्याच निम्म्या भागात परत मिळाला. दोन्ही गोल मात्र आम्ही हल्ला करत असताना मागे राहिलेल्या मोकळ्या जागेतून झाले. पहिल्या वेळी आमचे दोन्ही बगलेचे बचावपटू एकदम वर गेले होते. दुसऱ्या वेळी कॉर्नर घेताना मागे एकच मुलगा होता आणि समोरचे दोन आघाडीपटू मध्यरेषेवर मोकळे उभे होते.

९ डिसेंबर, मंगळवार

अंधार पडल्यावर मंडळाच्या खोलीत मुलांना २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकातील भारत-अमेरिका सामन्याचा शेवटचा भाग दाखवला. ६ ऑक्टोबर २०१७ रोजी दिल्लीत हा सामना झाला, तेव्हा ही मुले पाच-सहा वर्षांची होती. पण त्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, त्यामुळे सगळी पुढे सरकून बसली. भारत दोन गोलांनी मागे असताना अन्वर अलीचा फटका आडव्या खांबावर आदळतो. तेथून अमेरिकेची मुले सुटतात आणि ८४व्या मिनिटाला कार्लटन तिसरा गोल करतो. फटका खांबाला लागल्यावर कोण कोठे आहे, हे मी मुलांना मोजायला सांगितले. गोल होण्याच्या इतक्या जवळ गेलेला संघ काही क्षणांत गोल खातो, हे पाहून खोली शांत झाली. त्या भारतीय मुलांना नावे ठेवण्यासाठी मी हे दाखवले नव्हते आणि तसे स्पष्ट सांगितले. त्या पातळीवर, त्या थकव्यात, गोल फेडण्यासाठी सगळेच पुढे धावतात.

मैदानावर त्यातून एकच नियम घेतला : आपण हल्ला करत असताना समोरचे जितके आघाडीपटू वर उभे असतील, त्यापेक्षा एक जास्त मुलगा आपण मागे ठेवायचा. मागे राहिलेल्यांनी कमरेवर हात ठेवून खेळ बघत उभे राहायचे नाही. त्यांनी त्या आघाडीपटूंना चिकटून, आपल्या गोलच्या बाजूला उभे राहायचे, म्हणजे लांब पास आला तर पहिला स्पर्श आपला होतो. चेंडू गेल्यानंतरचा बचाव चेंडू जाण्याआधीच उभा करावा लागतो, हे मला पाच आठवड्यांनी कळले. पुढच्या मुलांनी निर्धास्तपणे गाठायला जायचे असेल तर मागे कोणीतरी आहे याची त्यांना खात्री हवी. ती नसेल तर ती अर्ध्यातच थांबतात. हा सराव मी सर्वांत आधी घ्यायला हवा होता.

अडचण एकच आली. बाहेर उभे असलेले मोठे लोक बगलेच्या मुलांना "वर जा, वर जा" असे ओरडतात. ही मुले शाहू स्टेडियमवर मोठ्यांचे सामने आणि त्यातली गर्दी बघत वाढली आहेत. त्या ओरडण्याला ती नाही म्हणू शकत नाहीत. मी पालकांना आणि मंडळातील जुन्या खेळाडूंना शनिवारी बोलावून हा नियम कोनांनी मांडून दाखवला. एका जुन्या बचावपटूने तेव्हापासून कडेला उभे राहून मागच्या मुलांना मोजायला लावण्याचे काम स्वतःकडे घेतले, आणि ते तो माझ्यापेक्षा चांगले करतो.

१९ डिसेंबर, शुक्रवार

गाठणे कधी सोडायचे, हे ठरवायचे राहिले होते. मुले चेंडूमागे मैदानभर फिरत होती आणि वीस मिनिटांत दमत होती. पाच सेकंदांचे माप ठेवले : तेवढ्यात चेंडू मिळाला नाही, किंवा समोरच्याने मान वर करून आपल्या तोंडापुढून पास काढला, तर सर्वांनी चेंडूकडे तोंड ठेवून मागे सरकायचे आणि मधली जागा भरायची. पहिल्यांदा मुलांना मोठ्याने आकडे मोजायला लावले. मोजण्यात त्यांचे लक्ष गेले आणि खेळ सुटला, म्हणून ते दोन दिवसांत बंद केले.

त्याऐवजी "माघार!" ही हाक गोलरक्षकाकडे दिली, कारण संपूर्ण मैदान समोर दिसणारा तोच एक असतो. आमचा गोलरक्षक अतिशय अबोल आहे. पहिल्या दिवशी त्याची हाक मला दहा मीटरवर ऐकू आली नाही. त्याला सर्वांदेखत ओरडायला सांगितले असते तर तो आणखी मिटला असता, म्हणून सराव संपल्यावर दोघेच थांबलो. मी मध्यरेषेवर पाठ करून उभा राहिलो आणि त्याची हाक ऐकू आली की हात वर करायचा, एवढाच खेळ पंधरा मिनिटे खेळलो. असे चार दिवस केले. पाचव्या दिवशी त्याची हाक रस्त्यापर्यंत गेली आणि दुकानासमोर उभ्या असलेल्या माणसाने वळून पाहिले.

२६ डिसेंबर, शुक्रवार

आजची नोंद लिहिणे जड जाते आहे. दोन आठवड्यांची चित्रणे एकापाठोपाठ पाहताना लक्षात आले की आमचा चेंडू जाण्याचे प्रमाण बरेच कमी झाले आहे, आणि मी त्यावर खूश होतो. मग ८ क्रमांकाच्या मुलाकडे लक्ष गेले. जो मुलगा नोव्हेंबरात दोघातिघांना चकवत होता, तो आता चेंडू आला की लगेच मागे पास देतो. समोर मोकळी जागा असली तरी तो वळत नाही. सराव संपल्यावर त्याला बाजूला घेऊन विचारले. तो बराच वेळ बुटाच्या टोकाने माती उकरत राहिला आणि मग म्हणाला, "सर, चेंडू गेला की तुम्ही लई वरडताय. म्हणून देतोय मागं."

पहिल्या सामन्यात तो डोक्यावर हात ठेवून माझ्याकडे का पाहत होता, याचे उत्तर तेव्हा मिळाले. तो चेंडू गेल्यावर गाठण्याऐवजी माझ्या ओरडण्याची वाट पाहत होता, आणि ते दोन सेकंद त्यात जात होते. मी सात आठवडे ज्या उशिरावर काम करत होतो, त्यातला काही भाग मी स्वतःच त्यांच्यात घातला होता.

२७ डिसेंबर, शनिवार

सर्वांना गोल बसवून, चेंडू गेला म्हणून यापुढे मी ओरडणार नाही, असे सांगितले आणि ८ क्रमांकाच्या मुलाची सर्वांसमोर माफी मागितली. नियमही बदलले. समोरच्यांच्या गोलजवळच्या पट्ट्यात चकवण्याचा प्रयत्न करून चेंडू गेला तर कोणीही काही बोलायचे नाही, हातही पसरायचे नाहीत. चेंडू गेल्यावर पाच सेकंदांत परत मिळवून केलेला गोल सरावात दोन गोल धरायचा. दुसऱ्या नियमाचा परिणाम मला वाटला त्यापेक्षा लवकर दिसला, कारण मुले आता चेंडू जाण्याकडे गोल करण्याची संधी म्हणून पाहू लागली. त्या दिवशी ८ क्रमांकाच्या मुलाने चेंडू अकरा वेळा गमावला आणि त्यातले चार स्वतःच परत मिळवले.

४ जानेवारी २०२६, रविवार

आपसांतला सामना. पहिले पाऊल आता बहुतेक वेळा एका सेकंदाच्या आत पडते. ९ क्रमांकाचा मुलगा अजून थांबतो. त्याला दूरचे नीट दिसत नसावे अशी शंका आली म्हणून त्याच्या वडिलांना डोळे तपासून घ्यायला सांगितले.

११ जानेवारी, रविवार

नोव्हेंबरातल्याच संघाशी पुन्हा सामना झाला, २-२. आमचा पहिला गोल त्यांच्या गोलसमोरच्या अठरा यार्डांच्या चौकटीजवळ परत मिळवलेल्या चेंडूवर झाला. ८ क्रमांकाच्या मुलाकडून चेंडू गेला, "मी!" असे १० क्रमांकाचा ओरडला, ६ क्रमांकाने वाट अडवली आणि गडबडीत त्यांच्या बचावपटूने दिलेला पास सरळ ७ क्रमांकाच्या पायात आला.

त्यांचे दोन्ही गोल शेवटच्या दहा मिनिटांत झाले. चित्रणात दिसते की त्या वेळी पहिला मुलगा जातो, पण दुसरा आणि तिसरा चालत असतात. आणि एकटा गेलेला पहिला न जाण्यापेक्षा वाईट, कारण त्याच्या मागे मोठी पोकळी उरते. दमल्यावर तिघे मिळून जाणार नसतील तर कोणीच न जाता थेट माघार घ्यायची, हे मी त्यांना शिकवलेलेच नव्हते. शिवाय बदली खेळाडू मी फार उशिरा उतरवले.

१३ जानेवारी, मंगळवार

हा सराव आजवर मी सुरुवातीच्या ताज्या अंगाने घेत होतो. आजपासून तो शेवटच्या पंचवीस मिनिटांत घेतला. पहिल्याच दिवशी नऊपैकी पाच वेळा पहिला एकटाच गेला. गोलरक्षकाला "माघार!"बरोबर आणखी एक अधिकार दिला : मुले दमलेली दिसली तर त्याने गाठण्याआधीच हाक द्यायची. उद्या संक्रांतीची सुट्टी आहे. शुक्रवारी सहा-सहांचे तीन संघ करून दर चार मिनिटांनी एक संघ बदलायचा आहे, आणि फक्कीची एक पिशवी आणावी लागेल.